मोजणी बरोबर आली होती

मंठ्याची माणसं चढली आणि बस जिंतूरच्या रस्त्याला लागली, की मी ड्रायव्हरच्या पाठीमागची दांडी धरून उभा राहायचो आणि सूचना सांगायला लागायचो. तोवर मागून आवाज आलेला असायचा, "मॅनेजर, भाषण राहू द्या, पिक्चर लावा." व्हिडिओ कोच म्हणून जाहिरात केल्यावर लोकांना पहिल्या तासातच पिक्चर पाहिजे असतो. समोरच्या टीव्हीकडे बोट दाखवून मी म्हणायचो, "आधी माझं, मग त्याचं." बावीस वर्षं मी हे केलं आणि बावीस वर्षं लोकांनी माझं बोलणं टीव्ही सुरू व्हायच्या आधीची जाहिरात असावी तसं ऐकून घेतलं.

मी मूळचा शहागडचा. घर शेतकऱ्याचं, पण वावर हायवेला लागून. त्यामुळे बैलांपेक्षा ट्रक जास्त बघितले. कोणता ट्रक कुठून आला, कुठं चालला हे नंबरावरून सांगायचो. शिक्षण बेताचं झालं आणि जालन्यात मस्तगडला एका यात्रा कंपनीत चिकटलो. कंपनी म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीवर ताजमहालाचं कॅलेंडर आणि शेठची एक बस. पुढं दोन झाल्या. आम्ही जालना, अंबड, परतूर, मंठा इकडची माणसं घेऊन हैदराबाद, म्हैसूर-उटी, जयपूर-आग्रा असं फिरवून आणायचो. लोक मला कधी गाईड म्हणायचे, कधी मॅनेजर. खरं काम दोन्ही नव्हतं. लॉज ठरवणं, आचाऱ्याच्या मागं लागणं, खिडकीच्या जागेवरून भांडणं मिटवणं, उलटी होणाऱ्याला लिंबू देणं आणि नेलेली माणसं नेली तेवढी परत आणणं, हे काम. बाकी सगळं इकडंतिकडं झालं तरी चालतं, शेवटचं चुकून चालत नाही.

सूचना फार नव्हत्या. लॉजच्या नावाची चिठ्ठी छापून द्यायचो, ती खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवा. अनोळखी माणसानं दिलेला चहा पिऊ नका. हात खिडकीबाहेर काढू नका. रिक्षात बसायच्या आधी भाडं ठरवा. रस्ता एकट्यानं ओलांडू नका. आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणून शेवटी सांगायचो ती ही की, चुकामूक झाली तर जिथं चुकलात तिथंच उभं राहायचं. शोधायला निघायचं नाही. एकजण हलला की दोघंही एकमेकांना शोधत फिरत राहतात. मी तुमच्यापर्यंत येतो, तुम्ही हलू नका.

आता ह्यात न कळण्यासारखं काय आहे? पण परगावी निघालेल्या माणसाचं काहीतरी होतं. घरी जो गडी परक्याला आपल्या बैलाला पाणीसुद्धा पाजू देत नाही, तो हैदराबादच्या चौकात वाट्टेल त्याच्या हातचं सरबत पितो. एकदा एक परतूरचा माणूस सिकंदराबादला चुकला. चिठ्ठी लॉजवरच ठेवली होती, "हरवू नये म्हणून". त्यानं रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, खाली सायकलीचं दुकान आणि वर हिरवी खिडकी. आम्ही पोलीस चौकीत वर्दी देऊन लॉजवर येऊन बसलो होतो, तर हा गडी तीन तासांनी रिक्षातून उतरला. त्या रिक्षावाल्यानं हिरवी खिडकी खरंच शोधून काढली होती. उतरल्यावर तो मला म्हणाला, "तुमच्या चिठ्ठीबिगर आलो का न्हाई बराबर?" आणि बसमधली सगळी माणसं त्याच्या बाजूनं हसली. असं झाल्यावर पुढच्या माणसाला चिठ्ठी कशाला सांभाळावी वाटेल?

ज्या सहलीबद्दल मला सांगायचं आहे ती नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. एप्रिल महिना. ज्वारी-गहू घरात आलेला, शाळांना सुट्ट्या लागत आलेल्या. पस्तीस प्रवासी, हैदराबाद, दोन मुक्काम. ड्रायव्हर रशीदभाई. शेठपेक्षा माझा भरवसा त्यांच्यावर जास्त होता. हा माणूस बोलायचा कमी आणि आरशातून सगळी बस बघायचा.

त्या गाडीत मंठ्याकडचे लिंबाजीराव होते. मोठी शेती, पांढरं धोतर, सोबत बायको, बहीण, मेहुणा असे सहा जण. असा एक प्रवासी प्रत्येक सहलीत असतो, पण लिंबाजीराव म्हणजे सगळ्या सहलींचा एकत्र माल. जिंतूरच्या पुढं गेल्यावर बसमध्ये रॉकेलचा वास यायला लागला. मी निघायच्या आधी दहा वेळा सांगितलं होतं की स्टोव्ह आणायचा नाही, आचारी सोबत आहे. वासाचा माग काढत गेलो तर लिंबाजीरावांच्या वळकटीत स्टोव्ह निघाला. वर परत रॉकेलची बाटली, कापडाचं बूच लावलेली.

"लिंबाजीराव, हे काय?"

"तुमच्या आचाऱ्याचा चहा पानी लागतो म्हन्ले लोक."

"आणि बसला आग लागली तर?"

"आमी काय बसमधी थोडाच पेटवून राह्यलो?"

रशीदभाईंनी गाडी बाजूला घेतली, मी रॉकेल रस्त्याकडेला ओतलं. लिंबाजीरावांनी नांदेड येईपर्यंत माझ्याशी अबोला धरला. तेवढा वेळ बरा गेला.

हैदराबादेत उतरल्यावर त्यांनी रस्ता ओलांडायची आपली पद्धत दाखवली. एक हात वर करायचा, समोर न बघता चालायला लागायचं. गावात समोरून येणारी बैलगाडी थांबते. इथं समोरून डबलडेकर आली. मी त्यांना सदऱ्याला धरून मागं ओढलं, सदरा फाटला. पुढचे तीन दिवस त्यांनी तो फाटलेला सदरा मला दाखवला, डबलडेकर मात्र एकदाही आठवली नाही.

त्याच बसमध्ये अगदी मागच्या बाकावर, कोपऱ्यात, कौसाबाई होत्या. मंठ्याच्या पलीकडच्या एका गावच्या, साठीच्या आसपास, धनगराच्या घरातल्या. त्यांच्या घरानं फिरस्ती सोडून दोन पिढ्या झाल्या होत्या, थोडी शेती होती आणि चाळीसेक मेंढरं अजून होती. नवरा वारलेला. नणंदेसोबत यायचं ठरलं होतं, ती आजारी पडली. मुलगा म्हणाला राहू दे, ह्या म्हणाल्या एकटी जाते. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढं माहीत होतं की मागच्या बाकावर एक बाई आहे जी पिक्चर लावा म्हणत नाही, जागा बदलून द्या म्हणत नाही आणि तिला उलटी होत नाही. अशा प्रवाशाकडं मॅनेजरचं लक्ष जात नाही. लक्ष सगळं लिंबाजीरावांसारखे खाऊन टाकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही गोवळकोंड्याला पोचलो. दोन तास दिले होते. अकराला बसपाशी या, असं मी दाराशीच तीनदा सांगितलं. अकराला आले बारा जण. बाकीचे टाळी वाजवून वर ऐकू येते का ते बघत बसले होते. खाली एकानं वाजवायची, वर दुसऱ्यानं ओरडून सांगायचं, आली म्हणून. तासभर हेच. ऊन तापत चाललं होतं, पुढं सालारजंग म्युझियम गाठायचं होतं, आणि मी त्या दरवाजात उभा राहून मेंढपाळासारखा हाका मारत होतो. शेवटी सव्वाबाराला लिंबाजीरावांचा कबिला आला. सोबत एक नवीन तरुण माणूस.

"ह्यो भाचा आपला. हितं कापडाच्या दुकानात हाय. भेटाया आल्ता. त्याला चारमिनारपर्यंत घेऊन चला."

"बाहेरचा माणूस घेता येत नाही, लिंबाजीराव."

"आता भाच्याला बाहेरचा म्हणता का?"

त्यावर मी वाद घातला, तो पाच मिनिटं चालला, आणि मग कंटाळून मी म्हणालो, बसा. मग पुढून मागं जात मोजणी केली. दोन-दोन करत. पस्तीस. दार लावलं, रशीदभाईंना चला म्हणालो.

वाचणाऱ्याला इथंच कळलं असेल. मला साडेचार वाजता कळलं.

म्युझियममध्ये दर तासाला तिथल्या मोठ्या घड्याळातला बाहुला बाहेर येऊन ठोके देतो, ते बघायला गर्दी जमते. गर्दी म्हणून मी तिथून निघताना पुन्हा मोजलं. पस्तीस. पोळी-भाजीची पाकिटं वाटली, ती कुणी दोन घेतली कुणी एक, त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. तीनला चारमिनारला उतरलो. भाचा आपल्या दुकानाकडं गेला. साडेचारला माणसं परत आली, मी मोजलं, चौतीस. पुन्हा मोजलं. चौतीस. 

मी विचारलं, "कोण नाही?"

कुणालाच सांगता येईना. प्रत्येकजण आपापली माणसं बघून म्हणत होता, आमचे सगळे आहेत. तेव्हा मी पहिल्यांदा यादी काढून नावं वाचली. कौसाबाई म्हणालो, उत्तर आलं नाही. मागच्या कोपऱ्यात त्यांचं गाठोडं होतं.

"ती म्हातारी व्हय," लिंबाजीराव म्हणाले, "ती बांगड्यात गुतली असंल."

दोन बायकांनी शपथेवर सांगितलं की म्युझियममध्ये घड्याळापाशी ती त्यांच्या शेजारी उभी होती. मी लाड बाजार ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धुंडाळला. हिरव्या लुगड्याची म्हातारी बघितली का, असं बांगडीवाल्यांना विचारत. अर्धा तास त्यात गेला. परत आलो तेव्हा रशीदभाई खाली उतरून दारापाशी उभे होते. ते हळूच म्हणाले, "साब, उनो बाई चढते वखत पायरी को हात लगा के कपाल को लगाती. हर बार. किल्ले के पास किसी ने नई लगाया. मैं समझा मेराच ध्यान नई था."

दोन दिवसांत ती बाई आमच्या बसला देवळासारखी पाया पडून चढत होती आणि हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

लोकांना बसमध्येच बसून राहा आणि रशीदभाईंना अंधार पडला तर सगळ्यांना लॉजवर न्या असं सांगितलं आणि समोर दिसली ती रिक्षा पकडली. भाडं ठरवलं नाही. रिक्षावाला गर्दीतून वाट काढत होता आणि मी म्हणत होतो, जल्दी, भाई, जल्दी. तो म्हणाला, "हौ साब, मगर हवा में नई उडा सकता." त्या पाऊण तासात माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. एवढंच लिहितो की तिच्या मुलाला काय सांगायचं त्याची वाक्यं मी जुळवत होतो आणि ती जुळत नव्हती.

किल्ल्याच्या दारावरचा पहारेकरी मला बघून स्वतःच पुढं आला. "आपकी अम्मा है क्या? सुबह से खडी है. पानी दिया तो पी ली, छाँव में आओ बोले तो हटतीच नई."

पहिल्या दरवाजाच्या आत, डाव्या हाताला एक पडकी भिंत आहे. तिच्यासमोर उघड्यावर कौसाबाई उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. दहा पावलांवर चिंचेचं झाड होतं आणि त्याची सावली मोकळी पडली होती.

मला बघून त्या म्हणाल्या, "आलात."

"कौसाबाई, तिथं झाड आहे. सावलीत का नाही बसलात?"

"तुमी म्हणल्ते ना, जिथं चुकलं तिथंच उभं राह्यचं. हाललं की दोघंबी फिरत राह्यतात." ओठ सुकून पांढरे झाले होते, पण वाक्य माझंच होतं, शब्दाला शब्द. मग त्यांनी विचारलं, "बाकीचे समदे हायेत ना?"

हो म्हणालो आणि त्या तिथंच खाली बसल्या. मी आणि पहारेकऱ्यानं धरून झाडाखाली नेलं. अंग तापलेलं होतं, बोलणं मधेच तुटत होतं. त्याच रिक्षातून जवळचा एक दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सलाईन लावली आणि मला बाहेर बोलवून, उर्दूतून, अतिशय सभ्य भाषेत माझी कानउघाडणी केली. अजून तासभर उशीर झाला असता तर, असं म्हणून त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. शेजारच्या बूथवरून मी लॉजला फोन लावला. रशीदभाईंना निरोप ठेवला की बाई सापडली, लोकांना जेवायला घाला.

सलाईन संपेपर्यंत मी तिथं स्टुलावर बसलो होतो. बऱ्याच वेळानं त्यांना जरा बरं वाटलं. मी विचारलं, "तुम्ही मागं राहिलात कशा?"

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मग म्हणाल्या, "बाईमाणसाला लघवीला जायाचं तर कुठं जावं? भितीच्या मागं गेल्ते. आले तर कुणीच न्हाई."

"मला सांगायचं ना."

"तुमाला कसं सांगावं?"

एवढ्या सूचना तयार करणाऱ्या माणसाला ही गोष्ट सुचली नव्हती, कारण तो पुरुष होता. त्यानंतर प्रत्येक सहलीत मी पहिल्याच दिवशी एका जाणत्या बाईकडं हे काम द्यायला लागलो, आणि प्रत्येक ठिकाणी उतरल्यावर आधी बायकांची सोय कुठं आहे ते बघायला लागलो. पण ते पुढं.

"आन तुमी मोजलं न्हाई?" त्यांनी विचारलं.

मोजलं होतं, असं मी सांगितलं. भाच्याचंही सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मेंढरं मोजून न्हाई कळत. दुसऱ्याच्या वाड्यातलं एक घुसलं की गिनती बराबरच येती. तोंडं बघावी लागतात. म्या सांजच्याला तोंडं बघते. मंग कोन न्हाई ते आपुआप कळतं." रागानं बोलत नव्हत्या. काम येत नसलेल्या नव्या गड्याला समजावून सांगावं, तसं सांगत होत्या.

लॉजवर निघताना त्या रिक्षाजवळ थांबल्या. "मॅनेजर, एक काम करा. दवाखान्याचं कुनाला सांगू नका. ह्या गाडीत मंठ्याची मान्सं हायेत. आसारामाच्या कानावर गेलं तर तो मला परत कुठं धाडनार न्हाई. मला अजून म्हैसूर बघायचं हाय."

आसाराम त्यांचा मुलगा. मी म्हणालो, "कुणाला कळणार नाही." मनापासून म्हणालो. लॉजवर लोकांना सांगितलं की बाई जवळच सापडली, रस्ता चुकली होती, काही झालेलं नाही. लोकांनी बरं म्हटलं आणि जेवायला बसले.

तिसरा दिवस प्राणिसंग्रहालयाचा आणि मग परतीचा. त्या दिवशी कौसाबाईंना मी पुढच्या जागेवर बसवलं. त्या आता बऱ्या होत्या, वाघ बघून आल्या, पायरीला हात लावून चढल्या, आणि ह्या वेळी मी ते बघितलं. बसमध्ये त्यांनी मला खुणेनं बोलावून सांगितलं की पुढच्या महिन्याच्या म्हैसूरच्या गाडीत त्यांचं नाव लिहायचं. मी तिथंच वहीत लिहिलं.

बारा वाजता निघायचं होतं. पाऊण वाजला तरी नऊ माणसं नव्हती. त्यात अर्थात लिंबाजीराव. ऊन कालच्यासारखंच होतं. मी फाटकापाशी जाऊन आलो, आत जाऊन आलो, घसा बसला. शेवटी ते आले. हातात कुल्फी. उशिराबद्दल एक शब्द नाही. चढता चढता लिंबाजीराव म्हणाले, "मॅनेजर लई घाई करतात राव. पैसे काय पळायचे दिलेत?" बसमध्ये हशा झाला.

आदल्या दिवसापासून माझ्या अंगात जे काही साचलं होतं ते तिथं फुटलं. मी दार लावून घेतलं आणि दांडी धरून उभा राहिलो. मी म्हणालो की हसा, खुशाल हसा. मी काय सांगतो ते तुम्हाला चेष्टा वाटते. ह्या कौसाबाईंकडं बघा. तुमच्या सगळ्यांत ह्या एका बाईनं माझं ऐकलं. काल पाच तास उन्हात एका जागी उभ्या राहिल्या, हलल्या नाहीत, म्हणून जिवंत सापडल्या. सलाईन लावावी लागली. डॉक्टर म्हणाले अजून तासभर गेला असता तर काही खरं नव्हतं. आणि हे कुणामुळं? लिंबाजीराव, तुमच्या भाच्यामुळं.

बस एकदम गप्प झाली. बावीस वर्षांत माझ्या बोलण्यानं बस अशी गप्प झाली ती त्या एकाच वेळी. मला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. शेवटी यांना कळलं, असं वाटलं. मग मी खाली बघितलं. कौसाबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता आणि खिडकीकडं तोंड केलं होतं. मी काय करून बसलो ते तेव्हा लक्षात आलं. रशीदभाईंनी आरशातून माझ्याकडं एकदा बघितलं आणि गाडी सुरू केली.

परतीच्या वाटेवर मी दोनदा त्यांच्याशी बोलायला गेलो. त्या "व्हय", "बरं" एवढंच म्हणाल्या. मंठ्याला त्यांना घ्यायला कुणीतरी आलं होतं. त्या उतरल्या. लिंबाजीरावही तिथंच उतरले.

पंधरा दिवसांनी आसाराम मस्तगडच्या ऑफिसात आला. तिशी-पस्तिशीचा, अंगानं उंच, शांत माणूस. मी खुर्ची दिली, तो बसला नाही.

"माय काय बोलली न्हाई," तो म्हणाला. "बाजारात कळलं. लोक मला इचारून राह्यले, तुझी माय हैदराबादला उन्हात सोडल्ती म्हने. मला मान खाली घालावी लागली."

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "त्यांची काही नाही."

"कुनाची बी आसू द्या. तिचं म्हैसूरचं नाव काढून टाका."

मी समजावून बघितलं. पुढच्या वेळी मी स्वतः त्यांच्याजवळ बसेन म्हणालो. तो म्हणाला, "तुमच्या भरवशावरच धाडल्ती की," आणि गेला. त्यानं आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी नाव काढलं नाही. म्हैसूरची गाडी निघायला आठवडा राहिला तेव्हा मी मंठ्याच्या एसटीत बसलो, फाट्यावर उतरलो आणि त्यांच्या गावी चालत गेलो. आसाराम घरीच होता. त्यानं पाणी दिलं, चहा सांगितला. पाहुण्याशी वागावं तसंच वागला, पण माझं म्हणणं ऐकल्यावर मान हलवली. "न्हाई. ते झालं आता." दुसऱ्यांदा विचारायची सोय त्यानं ठेवली नाही. मग तो कडबा उतरवायला गेला.

कौसाबाई घरामागं मेंढरांच्या वाड्यापाशी होत्या. मला बघून त्यांनी बसायला दगड दाखवला आणि स्वतः समोर बसल्या. मी जे बोलायला आलो होतो ते बोललो. मला बोलायला नको होतं, रागाच्या भरात बोलून गेलो, असं सगळं. त्यांनी ते अर्ध्यातच थांबवलं.

"जाऊ द्या. तुमचं तोंडच तसं हाय. धंदाच बोलायचा." मग म्हणाल्या, "आसारामाला भ्या वाटलं. मला न्हाई वाटलं तेवढं. मला म्हाईत होतं तुमी येनार."

एका कोकराला त्यांनी कान धरून जवळ ओढलं, पायातला काटा काढला, सोडून दिलं.

"मंग म्हैसूर कसं हाय ते तरी सांगा."

मी राजवाड्यापासून सुरुवात केली. रविवारी सांजच्याला त्यावर दिवे लावतात, सगळ्या भिंती उजळतात, हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तसं न्हाई, बसमधी सांगता तसं सांगा. म्हणून मी पहिल्यापासून सांगितलं. गाडी कुठं थांबते. राजवाड्यात जाताना चपला कुठं ठेवायच्या, आणि त्याचं टोकन कुठं बांधून ठेवायचं. चामुंडीच्या डोंगरावर पायऱ्या किती उभ्या आहेत आणि तिथली माकडं हातातली पिशवी कशी ओढतात. बाजारात चंदन म्हणून साधं लाकूड विकतात ते कसं ओळखायचं. रस्ता कुठं ओलांडायचा. बायकांची सोय कुठं आहे, कारण मधल्या दिवसांत मी ते फोनवर विचारून ठेवलं होतं. उटीच्या घाटात कुणाला त्रास होतो आणि त्यानं कुठं बसावं. त्या हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या आणि मधेच विचारत होत्या. माकडं चावत्यात का. तिथले लोक कोणती बोली बोलतात. आपलं त्यांला कळतं का. थंडी किती असती, घोंगडी न्यावी का. सगळे प्रश्न बरोबर होते. मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. ऊन कलायला लागलं तरी आम्ही तिथंच होतो. आतून सून चहा ठेवून गेली, तो निवला.

सांगून संपलं तेव्हा त्यांनी वाड्यातल्या मेंढरांकडं बघितलं.

"आन समदे मिळून दिस किती लागतात?"

"आठ."

"आठच," त्या म्हणाल्या. "आठ दिस तर सुनंनं बघितली असती मेंढरं. म्या तिला सांगून बी ठेवलं होतं."